वाचकांचे प्रश्न : शेरा वेळेवर मिळाला तर

मागच्या वेळी ऑनलाइन शिकणं-शिकवणं आणि परीक्षा यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळी घेता आली नाहीत, काही फार लांब होती ती थोडी कापलीत, राग मानू नका. मी बरीच वर्षं वर्गात शिकवलं आणि आता ऑनलाइन कोर्स तयार करते, म्हणजे दोन्हीकडचं बघितलंय, त्यातून जे पटलंय तेच लिहितेय.

ताई, मी कॉलेजात शिकवते. पन्नास-पन्नास मिनिटांची लेक्चर्स नीट रेकॉर्ड करून टाकली, चांगला माइक घेतला, स्लाइड्सवर रात्री जागून काम केलं. पोर्टलवर बघते तर बहुतेक मुलं सात-आठ मिनिटांच्या पुढे गेलेलीच नाहीत. मुलांना शिकायचंच नाही की माझं काही चुकतंय? — एक प्राध्यापिका

तुमचं चुकत नाहीये आणि मुलांचंही फारसं नाही. वर्गात मुलं पन्नास मिनिटं बसतात कारण उठून जाता येत नाही, लक्ष मात्र तिथेही मधूनमधून भटकतच असतं, फक्त आपल्याला ते दिसत नाही. पोर्टलवर दिसलं एवढंच. २०१४ साली एडेक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सेसमधला डेटा तपासला गेला, व्हिडिओ बघण्याची जवळपास ६९ लाख सेशन्स होती त्यात, आणि सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ मुलं सगळ्यात टिकून बघतात असं निघालं. आणखी एक गोष्ट त्यात होती ती मला जास्त आवडली, की स्टुडिओत थाटात शूट केलेल्या व्हिडिओपेक्षा मास्तर आपल्या टेबलाशी बसून साधेपणाने बोलतायत असा व्हिडिओ मुलं जास्त वेळ बघतात, आणि नुसत्या स्लाइड्सपेक्षा हाताने लिहीत लिहीत समजावलेलं जास्त बघतात. तेव्हा स्लाइड्ससाठी जागरण नका करू.

पण लेक्चरचे सहा-सहा मिनिटांचे तुकडे करून टाकले की झालं काम, असं मला अजिबात वाटत नाही. बघणं म्हणजे शिकणं नव्हे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता, विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो चार वेळा वाचला, काहींनी एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं, वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला नीट लक्षात राहणार अशी जास्त खात्री कुणाला होती, तर नुसतं वाचणाऱ्यांना! व्हिडिओचं हेच होतं, ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि वही उघडली की हात थांबतो.

म्हणून प्रत्येक तुकड्यानंतर एक प्रश्न टाका, मार्क नको त्याला, पण उत्तर दिल्याशिवाय पुढचा तुकडा उघडायचा नाही. आणि मुलं कुठे मागे जाऊन पुन्हा पुन्हा बघतात तेही बघत जा, तिथे एकतर तुमचं समजावणं तोकडं पडलंय किंवा भाग खरंच अवघड आहे, दोन्हीपैकी काहीही असलं तरी प्रत्यक्ष तासाला तिथूनच सुरुवात करता येईल.

ताई, मुलगा नववीत आहे. चार पर्यायांच्या ऑनलाइन टेस्टमध्ये कायम नव्वदच्या वर मार्क, पण 'हे असं का होतं रे' विचारलं की गप्प. आम्ही खूश व्हायचं की काळजी करायची? — एक आई

थोडी काळजी करा, पण मुलाची नाही, टेस्टची करा.

एरिक मझुर नावाचे हार्वर्डमधले फिजिक्सचे प्राध्यापक आहेत. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं पटापट सोडवायचे, त्यामुळे आपण छान शिकवतो असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी साध्या भाषेतली, आकडेमोड नसलेली एक टेस्ट दिली, बलाच्या कल्पनेवरची. त्यात असे प्रश्न असतात की मोठा ट्रक आणि छोटी कार समोरासमोर आदळले तर कोण कुणावर जास्त बल लावतं. उत्तर आहे सारखंच, न्यूटनचा तिसरा नियम, जो सगळ्यांना तोंडपाठ असतो. तरीही कितीतरी मुलं ट्रक म्हणतात. एका मुलीने तर त्यांना विचारलं म्हणे, की उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू की मला खरं वाटतं तसं लिहू. ह्या प्रश्नावर मी किती दिवस विचार करत होते, कारण आपल्या सगळ्या परीक्षा पहिल्या प्रकारचंच उत्तर मागतात.

आता गंमत म्हणजे ती टेस्ट बहुपर्यायीच होती. म्हणजे दोष चार पर्यायांचा नाही, चुकीचे तीन पर्याय कसे लिहिलेत त्याचा आहे. आळसाने लिहिलेले पर्याय असले की मूल काहीही न समजता बाद करत करत बरोबर उत्तरापर्यंत पोचतं. पण प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांच्या डोक्यात खरोखर असणारी एक चुकीची समजूत असली, तर मुलाने कुठला पर्याय निवडला यावरून त्याचं नेमकं कुठे अडलंय ते कळतं. ऑनलाइनमध्ये तर हे सगळ्या वर्गाचं दोन मिनिटांत समोर येतं, चाळीस मुलांपैकी बावीस जणांनी 'ट्रक' म्हटलंय हे तिथल्या तिथे दिसतं. मझुर १९९१ पासून असंच शिकवायला लागले, आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. ऑनलाइन तासाला पोल आणि छोटे गट करून हे करता येतं, मी करते, आणि दुसऱ्या फेरीत उत्तरं बदलताना बघणं हा माझा आठवड्यातला सगळ्यात आनंदाचा भाग असतो.

घरी तुम्ही एवढंच करा, बरोबर आलेल्या उत्तरांपैकी रोज एक घ्या आणि बाकीचे तीन का चूक ते त्याला सांगू दे. रागवायचं नाही, ऐकायचं.

मॅडम, माझ्याकडे १२० मुलं आहेत. वह्या तपासताना कंबर जाते. आता ऑनलाइन टेस्टमुळे तपासणं वाचलं, निकाल सेकंदात लागतो, पण खरं सांगू का, मुलं सुधारलीत असं काही दिसत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी? — गणिताचे एक शिक्षक

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मला वाटतं सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे.

आधी माझी एक चूक सांगते. वर्गात शिकवत होते तेव्हाची गोष्ट, समीकरणांवरची टेस्ट घेतली, पेपर घरी नेले, मध्ये इतर कामं आली आणि पेपर परत दिले तीन आठवड्यांनी. एका मुलाची दहाच्या दहा गणितं चुकली होती आणि दहाही एकाच कारणाने, पद दुसऱ्या बाजूला नेताना तो चिन्ह बदलत नव्हता. एक वाक्य पुरलं असतं त्याला, पहिल्या गणितानंतर कुणी म्हटलं असतं की बाळा चिन्ह बघ, तर उरलेली नऊ बरोबर आली असती. त्याऐवजी मी तीन आठवड्यांनी लाल शाईत शून्य दिलं, तोवर वर्ग भूमितीवर गेला होता आणि त्याने पेपर घडी करून दप्तरात टाकला. तो पेपर माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

तेव्हा ऑनलाइनचा खरा फायदा माझ्या मते तपासणी वाचण्यात नाहीच, उत्तर आणि शेरा यांच्यामधला वेळ कमी होण्यात आहे. पण तुम्ही म्हणता तसं सेकंदात निकाल लागूनही मुलं सुधारत नाहीत, कारण निकाल म्हणजे शेरा नव्हे. '६/१०' हे वाचून मुलाने पुढे काय करायचं? रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे, मुलांचे तीन गट केले, एकाला फक्त मार्क, एकाला फक्त शेरे, एकाला दोन्ही. आपल्याला वाटेल दोन्ही मिळालेला गट सगळ्यात पुढे गेला असणार. तसं झालं नाही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरे मिळालेल्या गटात, मार्क आणि शेरे दोन्ही मिळालेली मुलं नुसते मार्क मिळालेल्यांसारखीच राहिली, कारण मार्क दिसला की डोळे तिथेच थांबतात, शेजाऱ्याला किती पडले तेवढं बघतात आणि शेरा वाचायचा राहून जातो.

आणि शेरा कुठल्या पातळीवर द्यायचा हाही प्रश्न आहे. ब्लूम या शिक्षणतज्ज्ञांनी १९८४ मध्ये लिहिलं होतं की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो, आणि मग हा परिणाम अख्ख्या वर्गासाठी कसा साधायचा हे कोडं त्यांनी सगळ्यांपुढे ठेवलं. पुढे व्हॅनलेन या संशोधकांनी २०११ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा माणसाच्या शिकवणीचा परिणाम ब्लूमनी म्हटला तेवढा मोठा निघाला नाही, पण एक फार कामाची गोष्ट निघाली. हा परिणाम ज्या एककात मोजतात (आकडा मोठा तेवढा फायदा जास्त) त्यात माणूस शिक्षक होता ०.७९ वर. जे सॉफ्टवेअर फक्त शेवटचं उत्तर बरोबर की चूक सांगतं ते ०.३१ वर. आणि जे सॉफ्टवेअर प्रत्येक पायरी तपासून तिथेच अडवतं ते ०.७६ वर, म्हणजे जवळपास माणसाइतकं!

तुमची टेस्ट ०.३१ वाली आहे सर, एवढंच. कॉम्प्युटर तोच, मुलं तीच.

मग काय करता येईल. एकतर गणित पायऱ्यांत फोडा, पहिली पायरी टाइप केली की तपासणी, मग दुसरी. तसं सॉफ्टवेअर नसेल तर साध्या क्विझमध्येही प्रत्येक चुकीच्या पर्यायाला वेगळा शेरा जोडता येतो, ही सोय बहुतेक ठिकाणी असते आणि फारच कमी लोक वापरतात. 'चूक' असं लिहू नका, 'चिन्ह बदललंत का?' असं लिहा. दुसरं, पुन्हा प्रयत्न करू द्या, आकडे बदलून तोच प्रकार पुन्हा, जमेपर्यंत. ब्लूम यांनी १९६८ पासून हेच मांडलं होतं की वेळ सगळ्यांना सारखा आणि समज कमीजास्त, याऐवजी समज सगळ्यांची पक्की होऊ दे आणि वेळ कमीजास्त लागू दे. कागदावर १२० मुलांना हे एकट्या शिक्षकाने करणं अशक्य होतं, आज ते शक्य आहे, म्हणून तर मी या सगळ्याच्या मागे लागलेय. आणि मार्क शेवटी दाखवा, शेरा वाचून दुरुस्ती केल्यावर. मुलं सुरुवातीला चिडतील, मार्क कुठेय म्हणून विचारतील, दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

तपासणीतून वाचलेल्या वेळेचं काय करायचं ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय, तेही वाचा.

असाइनमेंट्स सगळ्या एआयने लिहिलेल्या येतायत. ओळखायचं सॉफ्टवेअर कुठलं चांगलं? — अनेक शिक्षक (अशी अकरा पत्रं आली)

कुठलंच नाही. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतः असं ओळखणारं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं आणि जुलैमध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तर इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध ती एआयचे म्हणून दाखवत होती. कारण साधं आहे, परक्या भाषेत आपण ठरावीक शब्द आणि सरळ वाक्यं वापरतो आणि यंत्राला ते यंत्रासारखं वाटतं. म्हणजे जो बिचारा मेहनतीने परक्या भाषेत लिहितोय त्यालाच चोर ठरवायचं.

हे मी तावातावाने लिहितेय कारण एका विद्यार्थिनीवर मी असा संशय घेतला होता. लेख फारच चांगला होता म्हणून मेल करून विचारलं, हे तूच लिहिलंस का. तिने उत्तरात आधीचे सहा कच्चे मसुदे पाठवले, तारखांसकट, खाडाखोडीसकट. मी माफी मागितली, तिने मोठ्या मनाने ती घेतली, पण त्या कोर्समध्ये तिने नंतर चर्चेत फारसं काही लिहिलं नाही.

त्यावरून एक शिकले, की ते सहा मसुदे मी आधीच मागायला हवे होते, सगळ्यांकडून. आता मी तेच करते. विषय निवडला की चार ओळी, मग मुद्दे, मग पहिला मसुदा, त्यावर माझा किंवा वर्गातल्या दोघांचा शेरा, मग दुरुस्त मसुदा आणि शेवटी 'काय बदललं आणि का' असा एक परिच्छेद, आणि मार्क या सगळ्या प्रवासाला, फक्त शेवटच्या फाइलला नाही. त्याशिवाय प्रत्येकाशी पाच मिनिटं व्हिडिओ कॉलवर तोंडी, तुझ्या लेखातला हा मुद्दा मला समजावून सांग, एवढंच. मुलं जास्त असतील तर दोन मिनिटांचं व्हॉइस रेकॉर्डिंग मागवा. कधी मी उलटं करते, एआयचंच एक उत्तर देते ज्यात दोन-तीन चुका आहेत आणि त्या शोधून दुरुस्त करायला सांगते, त्यासाठी विषय खरोखर यावा लागतो.

घरी लिहून आणलेल्या निबंधावर एकगठ्ठा मार्क देणं हे एआय यायच्या आधीही फार भरवशाचं नव्हतं, मोठ्या भावाने लिहून दिलेले निबंध आपण सगळ्यांनी तपासलेत.

परीक्षेत कॅमेरा चालू ठेवून खोली फिरवून दाखवायला सांगतात, नजर स्क्रीनवरून हलली की वॉर्निंग येते. मला भीतीने काही आठवत नाही. हे बरोबर आहे का? — एक विद्यार्थिनी

मला बरोबर वाटत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात असं खोली दाखवायला लावण्यावर एका विद्यार्थ्याने केस केली होती आणि तिथल्या फेडरल कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, की सरकारी विद्यापीठाने खोलीची अशी झडती घेणं घटनेत बसत नाही. विचार करताना माणूस छताकडे बघतो, खिडकीकडे बघतो, ती कॉपी नसते. पुस्तक उघडं ठेवून देता येईल असा पेपर काढला, प्रत्येकाला वेगळे आकडे किंवा वेगळी केस दिली तर निम्मा पहारा लागतच नाही. जिथे खरंच पक्की खात्री हवी, म्हणजे उद्या ज्याच्या हातात रुग्णाचा जीव आहे अशांच्या परीक्षा, तिथे सरळ सेंटरवर बोलवावं. तू मात्र परीक्षेआधीच लेखी कळव की वॉर्निंगमुळे त्रास होतो, आणि सरावाची टेस्ट त्याच सेटिंगमध्ये मिळेल का ते विचार, एकदा सवय झाली की भीती बरीच उतरते.

वय ५८. निवृत्तीनंतर शिकायचं म्हणून सात ऑनलाइन कोर्सेसना नाव घातलं, एकही पूर्ण झाला नाही. लाज वाटते. — एक वाचक

काका, लाज कसली! २०११ मध्ये थ्रन आणि नॉर्विग यांनी स्टॅनफर्डमधला एआयचा कोर्स सगळ्या जगाला मोफत खुला केला तेव्हा साधारण १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं आणि पूर्ण केला सुमारे २३ हजारांनी. म्हणजे दर सात जणांत एकाने. आणि लायब्ररीतून आणलेलं पुस्तक अर्धं वाचून परत केलं तर आपण नापास होतो का? तुम्हाला हवं ते तीन धड्यांत मिळालं असेल तर तो कोर्स झाला.

पण पूर्ण करायचाच असेल तर सातातले सहा बंद करा. एक ठेवा. आणि रविवारी सलग चार तास बसू नका, रोज वीस मिनिटं बसा, आणि सुरुवातीची पाच मिनिटं काल काय शिकलो ते न बघता कागदावर लिहायची. मधे दिवस सोडून पुन्हा पुन्हा आठवलं तर जास्त टिकतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करत बसायचे ते. शिवाय कुणीतरी सोबत घ्या, त्याच कोर्समधलं किंवा घरातलं, आठवड्यातून एकदा त्यांना शिकलेलं सांगायचं. एकट्याने शिकण्यात अवघडपणापेक्षा एकटेपणाच जास्त नडतो, निदान माझ्या कोर्समधले सोडून गेलेले लोक मला मेलमध्ये हेच लिहितात.

मी यंदाच शिकवायला लागलोय. व्हिडिओ जगातल्या सगळ्यात चांगल्या शिक्षकांचे आहेत, तपासणी कॉम्प्युटर करतो, शंकांना एआय उत्तर देतो. मग माझं काम काय उरलं? — एक नवा शिक्षक

परवाचंच सांगते. माझ्या कोर्समध्ये अपूर्णांकांचा धडा चालू आहे, डॅशबोर्डवर दिसलं की एक मुलगा चौथ्या प्रश्नावर अकरा वेळा अडकलाय, शेरे सगळे वाचलेत, व्हिडिओ तीनदा बघितलाय, आणि मग दोन दिवस लॉगिनच नाही. सॉफ्टवेअरने त्याला बाराव्यांदा तोच प्रश्न दिला असता. मी फोन केला. पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलल्यावर म्हणाला, मॅडम, छेद म्हणजे खालचा की वरचा हेच मला कधी नीट कळलं नाही आणि आता विचारायची लाज वाटते. दोन वर्षांपासून लाज वाटत होती त्याला.

ते सांगायला त्याला कुणीतरी माणूस हवं होतं. आम्ही कागदाची एक पट्टी घेतली, दोघांनी आपापल्या कॅमेऱ्यासमोर घड्या घातल्या, आधी चार भाग, मग आठ, आणि त्याने स्वतःच सांगितलं की खालचा आकडा म्हणजे पट्टीचे सारखे भाग किती केले ते. संध्याकाळी लॉगिन दिसलं, चौथा प्रश्न सुटला होता.

तुमच्या वर्गात आत्ता अशी दोघं-तिघं असतील. यादी काढा आणि आजच फोन करा.